जांगड वही

बऱ्याच दिवसांनी निवांत लिहायला बसलोय. गेल्या वर्ष-दीड वर्षातले माझे बरेचसे शनिवार-रविवार कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या एका फ्रेमच्या दुकानात गेले. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत एका परदेशी बँकेसाठी स्क्रीन बनवायच्या, आणि शुक्रवारी रात्री कोल्हापूरची गाडी पकडायची. आईला वाटायचं पोरगं तिच्या हातचं जेवायला येतंय. ते तर होतंच म्हणा :)

झालं असं की ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी सांगतो. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेत कुस्तीचं मैदान बांधलं आणि १९१५ साली त्याला लागून पॅलेस थिएटर उभं केलं. तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झालं. आमच्या घराच्या गच्चीवरून तो लालभडक उजेड दिसत होता, असं आई फोनवर सांगत होती. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती, आणि लोक नाट्यगृहासमोर उभे राहून रडत होते.

त्याच आठवड्यात फ्रेमवाल्या काकांचा फोन आला. लहानपणी माझ्या बक्षिसांच्या सर्टिफिकिटांना त्यांनीच फ्रेमा केलेल्या, त्यामुळे हक्काने बोलतात.

"आरं, तू कॉम्प्युटरमधला न्हवं? माझ्या वह्या तेवढ्या आत घाल बघू. उद्या हितं काय पेटलं तर कुणाचं काय माझ्याकडं हाय, मला तरी कुठं आठवणार?"

काकांचं दुकान म्हणजे पुढे देवांचे फोटो, लग्नाचे फोटो, पट्टी कापायचं मशीन आणि काचेचे तुकडे. पडदा सारून आत गेलं की दहा बाय पंधराची खोली. तिथं भिंतभर कोल्हापुरी चित्रकारांची चित्रं: पंचगंगेचा घाट, जोतिबाचा डोंगर, रंकाळा, म्हशी, पुन्हा रंकाळा. काकांच्या वडिलांनी १९६८ साली दुकान काढलं. एका ड्रॉइंग मास्तरांकडे फ्रेमचे पैसे नव्हते म्हणून ते एक चित्र ठेवून गेले आणि ते आठवड्यात विकलं गेलं. झाली गॅलरी सुरू!

हे ऐकून मला फार नवल वाटलं होतं, पण इतिहास बघितला तर ही जुनीच वाट आहे. मुंबईत केकू गांधींनी १९४१ साली केमोल्ड नावाने फ्रेमा बनवायचा धंदा सुरू केला. प्रिन्सेस स्ट्रीटच्या दुकानाच्या काचेत ते आरा, हेब्बर, हुसेन अशांची चित्रं लावायचे. त्या वेळी यांना लावायला दुसरी भिंत कुठं होती? जहांगीर आर्ट गॅलरी उघडली १९५२ साली. तिच्याच पहिल्या मजल्यावर १९६३ साली गॅलरी केमोल्ड आली. म्हणजे आपल्याकडच्या आधुनिक चित्रकलेचा एक दरवाजा फ्रेमच्या दुकानातूनच उघडलेला आहे.

असो. मी कामाला लागलो. बॅकएंड एका मित्राने लिहून दिला, फ्रंटएंड माझा. आपण सॉफ्टवेअरवाले काय करतो? आधी इतरांची अॅप्स बघतो. परदेशात गॅलऱ्यांसाठी अशी पुष्कळ अॅप्स आहेत. भरपूर पांढरी जागा, चित्रांची ठसठशीत जाळी, चित्रावर टिचकी मारली की किंमत, माप, माध्यम. मीही तसंच केलं. प्रत्येक चित्राला एक 'स्थिती', तिचे पर्याय दोन: शिल्लक आणि विकलं. हिरवा ठिपका, लाल ठिपका. डेमो झकास दिसत होता.

मग वह्या भरायला घेतल्या. काकांच्याकडे तीन तऱ्हेच्या वह्या. एक रोजकीर्द, म्हणजे रोजचे पैसे आले-गेले. दुसरी खतावणी, म्हणजे माणसागणिक खातं. या दोन मला कळल्या. तिसरी लाल कापडात बांधलेली, तिच्यावर लिहिलेलं 'जांगड'.

"काका, हे काय?"

"जांगड म्हायीत न्हाई? इंजिनेर झालास आन् जांगड म्हायीत न्हाई?"

तुम्हालाही माहीत नसेल तर लाजू नका, पण शब्द फार कामाचा आहे. माल दुकानातून न्यायचा, घरी बघायचा, पसंत पडला तर ठेवून पैसे द्यायचे, नाही तर परत करायचा. या बोलीवर नेलेला माल म्हणजे जांगड. तसंच कुणाचा माल त्याच्यासाठी विकून द्यायला आपल्याकडे ठेवला तर तोही जांगड. सोनार, हिरेवाले, कापडवाले हा शब्द अजून रोज वापरतात. मोल्सवर्थच्या मराठी कोशातही तो आहे, आणि त्या कोशाची पहिली आवृत्ती आहे १८३१ ची. जांगड माल कीर्दीत येत नाही कारण पैसे आलेले नाहीत, आणि दुकानातही नाही कारण माल गेलेला आहे. म्हणून त्याला वेगळी वही.

सरकारी कायद्यालाही ही अवस्था ठाऊक आहे. १९३० च्या सेल ऑफ गुड्स अॅक्टमधलं कलम २४ नेमकं याच्यासाठी लिहिलंय. पसंतीवर दिलेला माल गिऱ्हाइकाचा कधी होतो? त्याने 'पसंत' असं कळवलं की, किंवा मालकासारखं वागायला लागला की, किंवा काहीही न कळवता ठरलेली मुदत उलटून गेली की. मुदत ठरलेली नसेल तर 'वाजवी' मुदत धरायची. कलम वाचताना माझ्यातला प्रोग्रॅमर जागा झाला. हे तर सरळसरळ अवस्थांचं आणि त्यांच्यातल्या वाटांचं कोष्टक आहे! पण हे वाचलं मी नंतर. तेव्हा मात्र जांगड वहीतल्या चित्रांसमोर विक्रीची किंमत नाही असं दिसलं, म्हणून इम्पोर्टच्या स्क्रिप्टने सगळ्यांना 'शिल्लक' केलं. हिरवा ठिपका. स्क्रिप्ट माझीच होती, कुणाला दोष देऊ?

इथं थोडं मागे जाऊ या, म्हणजे हा ठिपका मला पुढे एवढा का टोचला ते कळेल.

कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते उगीच नाही. आबालाल रहिमान इथले. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून ते परत आले आणि शाहू महाराजांच्या आश्रयाने रंगवत राहिले. त्यांनी किती चित्रं काढली? वीस हजारांच्या घरात, असं सांगतात. ६ मे १९२२ ला महाराज गेले, आणि त्या दुःखात आबालालांनी आपली असंख्य चित्रं कोटितीर्थ तळ्यात सोडून दिली, असंही कोल्हापुरात सांगतात. १९३१ साली ते स्वतः गेले. टाउन हॉलच्या म्युझियममध्ये त्यांची चित्रं बघायला मिळतात, जरूर बघा. पण या सगळ्या गोष्टीत 'सांगतात' हा शब्द किती वेळा आला बघा. चित्रागणिक एक ओळ कुणी वहीत लिहून ठेवली असती, तर वीस हजारांचं काय झालं हे सांगायला आख्यायिकेची गरज पडली नसती. दरबाराच्या काळात चित्रकाराला मान होता, पगार होता. चित्र पुढे कुठं गेलं, हे विचारायचा हक्क त्याला होता असं मात्र दिसत नाही.

पुढची पिढी आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांची. आडनाव मेस्त्री, पण गावाने धंद्याचंच आडनाव करून टाकलं. दोघे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. पडदा कंपनीचा. गावोगाव फिरून, घड्या पडून, विरून संपायचा. १९१६ साली आनंदराव गेले, पण बाबूरावांनी घरीच बनवलेल्या कॅमेऱ्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' काढला, तो १९२० साली लागला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे ना, तो त्या कंपनीच्या आठवणीसाठी. आम्ही त्याच्याखाली भेळ खात मोठे झालो. या कंपनीचे बहुतेक मूकपट आज उरलेले नाहीत.

त्यांचा १९२५ चा 'सावकारी पाश' तर सावकारापायी देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यावरच होता. शेतकऱ्याचं काम केलं होतं व्ही. शांताराम यांनी. मला त्यात आमच्या विषयाची दुसरी बाजू दिसते. वही नसली तर चित्र तळ्यात जातं, हे खरं. पण वही एकाच्याच हातात असली तर जमीनही जाते. वही कुणाला वाचता येते, हा प्रश्नही वहीइतकाच जुना आहे.

साता समुद्रापलीकडे काय चाललं होतं? न्यूयॉर्कला १८४६ साली गुपिल या फ्रेंच चित्रविक्रेत्यांची शाखा निघाली. १८५७ साली ती मायकेल नोडलरने विकत घेतली आणि नोडलर गॅलरी म्हणून ती दीडशेच्या वर वर्षं चालली. त्यांच्या स्टॉकच्या वह्या आज लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेकडे आहेत आणि घरबसल्या बघता येतात. मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बघत बसायचो. रकाने कुठले? आमचा नंबर, चित्रकार, चित्राचं नाव, कुणाकडून आलं, कधी आलं, कुणाला गेलं, कितीला. खरेदीची किंमत अक्षरांच्या गुप्त खुणेत, म्हणजे गिऱ्हाइकाची नजर वहीवर गेली तरी कळू नये. आमच्या काकांचीही अशी दहा अक्षरांची खूण आहे. सांगणार नाही, शपथ घेतलीय :)

गंमत म्हणजे, किंवा गंमत तरी कशी म्हणू, ही गॅलरी २०११ साली बंद पडली ती बनावट चित्रांच्या प्रकरणात. मोठमोठ्या अमेरिकन चित्रकारांच्या नावावर खपवलेली, सुमारे ८ कोटी डॉलरची चित्रं. 'कुणाकडून आलं' या रकान्यात एक अनाम संग्राहक आणि त्याची रंगवून सांगितलेली गोष्ट. ज्या घराण्याच्या वह्यांवर आज अभ्यासक इतिहास लिहितात, तेच घराणं एका रकान्यातल्या ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवून बुडालं. रिकामा रकाना परवडतो, पण खोटा भरलेला परवडत नाही.

आता परत मंगळवार पेठेत या.

२०२५ च्या फेब्रुवारीतला शनिवार. अॅप काकांच्या टॅबवर चालू होतं आणि मी शेजारी स्टुलावर. एक बाई आल्या, पन्नाशीच्या. वडील ड्रॉइंग मास्तर होते, नुकतेच गेलेले. त्यांच्या कागदांत काकांच्या दुकानाची १९९१ ची चिठ्ठी सापडली: दोन जलरंग, क्वार्टर इम्पीरियल, 'घाट' आणि 'गुऱ्हाळ'.

काका माझ्याकडे वळले. "बघ बाबा, तुझ्या मशीनला इचार."

मी ऐटीत नाव टाईप केलं. दोन ओळी आल्या. दोन्हींपुढे हिरवा ठिपका: शिल्लक.

त्या एकदम खुर्चीतून उठल्या. "म्हणजे आहेत इथं? दोन्ही आहेत?"

त्यांचा तो चेहरा मी विसरणार नाही. आम्ही आतली खोली शोधली, माळा शोधला, चित्रांच्या गठ्ठ्यांच्या गाठी सोडून बघितल्या. नव्हती. तासाभराने काकांनी लाल कापड सोडलं, चष्मा लावला आणि १९९१ ची पानं उलटली. घाट: एका डॉक्टरांच्या घरी जांगड, दिवाळीच्या आधी. गुऱ्हाळ: कुणीतरी 'पाव्हणे, इचलकरंजी', जांगड. पुढे ना परत आल्याची खूण, ना पैसे मिळाल्याची.

बाई काही बोलल्या नाहीत. पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या त्या कॉम्प्युटरनं नसतं सांगितलं तर बरं झालं असतं."

चौतीस वर्षं काकांची वही खरं बोलत होती: 'माझ्याकडे नाही, विकलंही नाही, वाट बघतोय.' माझ्या दोन ठिपक्यांना हे म्हणताच येत नव्हतं. मी नवा पर्याय द्यायला विसरलो असं म्हणून सुटता येईल, पण तसं नाही. मी ती लाल वही हातात धरून 'हिशोबाचा जुना घोळ' म्हणून बाजूला ठेवली होती.

पुढचे दोन महिने मी फ्रंटएंड जवळजवळ नव्याने लिहिला. काय बदललं ते थोडक्यात सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणी अशी कामं करत असेल.

पहिलं, ठिपका गेला. चित्राखाली आता त्याचा प्रवास दिसतो, ओळीखाली ओळ: आलं, जांगड गेलं, परत आलं, विकलं, पैसे आले, चित्रकाराला पोचले. शेवटच्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यात. त्यांच्यामधल्या अंतरातच चित्रकाराचं भाडं अडकलेलं असतं.

दुसरं, तारीख. मी आधी दिवस-महिना-वर्ष सक्तीचं केलं होतं. 'दिवाळीच्या आधी' लिहायला जागा नव्हती, म्हणून स्क्रिप्टने बऱ्याच ठिकाणी १ जानेवारी टाकून दिली होती. आता नुसतं वर्ष चालतं, 'सुमारे' चालतं, आणि वहीतले मूळ शब्द जसेच्या तसे शेजारी दिसतात, त्या पानाच्या फोटोसकट.

तिसरं, 'डिलीट' बटण काढून टाकलं. वहीत चूक झाली तर काका खरवडत नाहीत. वर एक रेघ मारतात आणि बाजूला सही करतात. स्क्रीनवरही तसंच: खोडलेली ओळ वाचता येते, कुणी खोडली तेही दिसतं.

चौथं, जांगड देताना परतीची तारीख विचारली जाते, आणि मुदत उलटली की ती ओळ यादीत सगळ्यांत वर येऊन बसते. कलम २४ ची कृपा.

पाचव्यावर मात्र आमचं भांडण झालं. मी म्हटलं, प्रत्येक चित्रकाराला त्याच्या फोनवर त्याच्या चित्रांच्या ओळी दिसू द्या. काका गप्प. मग म्हणाले, "आरं, मग माझं कमिशन दिसणार की त्याला." मी म्हटलं, दिसू दे. "आन् गिऱ्हाइकाचं नाव दिसलं तर तो परस्पर विकंल." हे मात्र खरं होतं. शेवटी ठरलं: किंमत दिसेल, कमिशन दिसेल, पैसे कधी पोचले ते दिसेल, गिऱ्हाइकाचं नाव दिसणार नाही. मी काकांना कॉपीराइट कायद्यातलं १९९४ साली आलेलं कलम ५३अ पण वाचून दाखवलं. मूळ चित्र पुढे दहा हजारांच्या वर पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात वाटा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. काका म्हणाले, "हे आमच्या कुणाला म्हायीत हाय?" त्यासाठीही एक रकाना ठेवलाय. अजून एकदाही भरलेला नाही.

आणि ती दोन चित्रं? डॉक्टर वारले होते. घर पाडून तिथं अपार्टमेंट झालेलं. मुलाचा नंबर काकांनी चार ठिकाणी विचारून मिळवला. मुलाने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला: घाट त्यांच्या बंगळूरच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या वर. बाबांनी विकतच घेतलंय असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं. माणूस चांगला निघाला. आजच्या हिशोबाने किती द्यायचे विचारलं आणि आठवड्यात पाठवले. काकांनी कमिशन घेतलं नाही, आणि मी तिथं होतो म्हणून नाही, असं मला वाटतं. बाईंनी पैसे घेतले. चित्र परत हवं का, असंही त्या मुलाने विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "राहू दे तिकडंच. फक्त खाली त्यांचं नाव लावा."

गुऱ्हाळ सापडलं नाही. इचलकरंजीचे पाव्हणे कोण, हे काकांना आठवत नाही आणि वहीत त्याहून जास्त काही लिहिलेलं नाही. टेस्टिंग करताना मी एकदा विचारलं, ही ओळ बंद करायची का? रोज यादीत सगळ्यांत वर दिसते.

काका पट्टी कापत होते. मान वर न करता म्हणाले, "न्हाई. विकलं न्हाई, परत आलं न्हाई. मग बंद कशी करतोस?"

तेव्हा ती आहे. मंगळवार पेठेतल्या त्या टॅबवर रोज सकाळी पहिली ओळ हीच उघडते: गुऱ्हाळ, जलरंग, क्वार्टर इम्पीरियल, १९९१, जांगड. तुमच्या आजोळी, मामाकडे, कुठं इचलकरंजीच्या बाजूला भिंतीवर जुनं गुऱ्हाळाचं चित्र असेल, तर एकदा मागचा पुठ्ठा बघा. काका चित्राच्या मागे पेन्सिलने नंबर घालतात.